आयर्लंडच्या खेड्यात चालतो तसा गावचा रेडिओ गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यात चालेल का?

सत्तरीकार_बाबू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबण लावणारा आहे तेव्हा आधीच सॉरी.

मागे इथेच कुठल्यातरी धाग्यात एका ताईने लिहिलं होतं की ती आयर्लंडला असते, पश्चिमेकडच्या खेड्यात, आणि ड्युटी नसेल तेव्हा गावच्या रेडिओवर जाऊन बसते, फुकट. म्हणजे गावानेच चालवलेला रेडिओ, एफएमवर लागतो आणि बोलणारे सगळे शेजारपाजारचे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

आमचा गाव वाळपयच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. मोबाईलची रेंज म्हणजे देवळातला कौल, कधी उजवा कधी डावा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा पाच दिवस लाईट नव्हती, फोन दुसऱ्याच दिवशी मेले, झाडं रस्त्यात आडवी, आणि वाळपयला जायला कुठली बाजू मोकळी आहे हे कळायला आम्ही पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याची वाट बघत बसलेलो. पाव आणि बातमी एकदम मिळायची. मग जुलैत पूर आला तेव्हाही तीच गत, वरच्या वाड्याला पत्ताच नाही की खालच्या वाड्यात पाणी शिरलंय.

तर आम्ही पाचजण आहोत. मी दुकानवाला, एक रिटायर मास्तर, कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरी आणि भजनी मंडळाचा पेटीवाला. पैसा नाही, जागा आहे (जुनी बालवाडी, कौलं गेली म्हणून वर पत्रे घातलेत). तिकडे हे नेमकं कसं चालतं, पैसे कुठून येतात, आपल्याकडे परवानगी मिळते का, आणि मुख्य म्हणजे लोक येतात का हो बोलायला? का चार दिवस हौस आणि मग कुलूप?

गॉलवेची_डिचोलकरीण

ती ताई मीच रे बाबू. माहेर डिचोली, आता गॉलवे काउंटीत समुद्राकडच्या अंगाला, सहा वर्षं झाली, नर्सिंग होममध्ये आहे.

रेडिओत मी काही हौसेने गेले नाही. आमच्या होममध्ये एक आजी होत्या, संध्याकाळची ठराविक वेळ झाली की हातातला कप खाली ठेवायच्या आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प करायच्या, का तर रेडिओवर मयतांची नावं वाचतात. मला पहिल्यांदा कसंसंच झालं, तिन्हीसांजेला हे काय अभद्र. मग हळूहळू कळलं. तिकडे माणूस गेला की साधारण दोनतीन दिवसांनी पुरतात, तोवर देह घरी नाहीतर फ्युनरल होममध्ये ठेवतात आणि अख्खी पंचक्रोशी भेटायला जाते, रांगेत उभं राहून घरच्यांचा हात हातात घ्यायचा, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. न गेलात तर लोक लक्षात ठेवतात, चांगलं वीस वर्षं. त्यामुळे कोण गेलं, कुठे ठेवलंय, चर्चमधली मास (प्रार्थना) किती वाजता, हे कळणं म्हणजे तिथे पाणी लाईट इतकंच गरजेचं. आरआयपी डॉट आयई म्हणून सगळ्या देशाची वेबसाईट आहे, तरी म्हातारी माणसं रेडिओच लावणार.

आमच्या स्टेशनवर हे वाचतो तो एक रिटायर पोस्टमन. त्याला ऐकशील तर कळेल रेडिओ म्हणजे काय. नाव वाचतो, बाई असेल तर माहेरचं आडनाव वाचतो, मग टाऊनलँड. टाऊनलँड म्हणजे आपला वाडाच समज, अख्ख्या बेटावर अशी ६०,००० हून जास्त नावं आहेत आणि ह्या बाबाला आपल्या भागातली सगळी तोंडपाठ, आयुष्यभर पत्रं वाटली ना. वाचून झालं की थोडा थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून तसंच वाचतो, कारण पहिल्या वेळी कोणीतरी चुलीजवळ असतं कोणी गोठ्यात. घाई नाही, आवाज पाडणं नाही, गळा काढणं तर नाहीच.

मला अर्थातच मयतांच्या जवळपास फिरकू दिलं नाही, हरवलं-सापडलं दिलं. पहिल्याच दिवशी एका मुलीचा कुत्रा हरवलेला, मुलीचं नाव कागदावर सगळी अक्षरं लिहिलेलं ते मी लिहिल्याबरहुकूम ‘सादभ’ असं ठणकावून वाचलं. ते नाव साइव्ह असं म्हणतात! आयरिश भाषेत लिहितात एक वाचतात दुसरं. पाच मिनिटांत तीन फोन. रागावून नाही हां, शिकवायला. एक बाई तर फोनवर म्हणाली, पोरी आता माझ्यामागून तीनदा म्हण. म्हटलं. कुत्राही सापडला त्याच दिवशी, चर्चच्या मागे.

स्टेशन म्हणशील तर जुन्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. भिंतींना लोकांच्या घरचे जुने गालिचे ठोकलेत. दाराच्या फटीत टॉवेल घालावा लागतो नाहीतर वाऱ्याची शिट्टी माईकमध्ये येते, आणि तिथे वारा म्हणजे काय विचारू नको. हीटर एकच, तो स्टुडिओत ठेवायचा की ऑफिसात यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून नाही. एक माणूस अर्धवेळ पगारी, बाकी आम्ही सगळे असेच.

आता तुझा खरा प्रश्न, लोक येतात का. येतात आणि येत नाहीत. भिंतीवर पाटी आहे आठवड्याची, कोण कुठल्या वेळेला. पाटीवर चाळीसेक नावं, पण पावसाळी मंगळवारी, म्हणजे तिकडच्या कुठल्याही मंगळवारी, येतात ती बारा ठरलेली. एकाला अकॉर्डियनचा कार्यक्रम दिलाय तासाचा, तो दोन तास वाजवत बसतो, कोणाची हिंमत नाही थांबवायची. कोणी आलंच नाही तर कॉम्प्युटर गाणी लावतो. आमच्या कमिटीच्या मीटिंगा बघितल्या तर तुला आपल्या जत्रेच्या कमिटीची आठवण येईल, फक्त शिव्या इंग्लिशमध्ये.

फोंड्याचो_अँटेनावालो

वाचून मजा आली ताई. बाबू, परवानगीचं मी सांगतो कारण एका संस्थेबरोबर मी हे कागद केलेत, केसं पांढरी झाली.

आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला परवानगी आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, त्यानंतर २००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांना दार उघडलं आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्थांनाही. म्हणजे तू दुकानवाला म्हणून अर्ज केलास तर मिळणार नाही. रजिस्टर संस्था पाहिजे आणि समाजात तिचं किमान तीन वर्षांचं काम पाहिजे. तुमचं भजनी मंडळ रजिस्टर आहे का ते बघ आधी, हसू नको, सिरियसली सांगतोय. नसेल तर महिला मंडळ बघ, चाललेल्या संस्थेला धरूनच जा.

ट्रान्समिटर १०० वॅटचा, अँटेना ३० मीटरपर्यंत. सपाटीवर दहाबारा किलोमीटर धरून चाल, पण तुमच्याकडे सपाटी कुठली. एफएम डोंगर चढत नाही. डोंगराच्या ह्या बाजूला खणखणीत आणि पलीकडच्या वाड्यात नुसती खरखर. जागा ठरवण्याआधी साधा नकाशा घेऊन बस, बालवाडी खोलगट भागात असेल तर तिथे स्टुडिओ ठेव आणि अँटेनाचं वेगळं बघावं लागेल. ताई, तुमच्या गॉलवेतल्या कोनेमारा भागात डोंगर आहेत ना, कसं करतात?

अजून एक, आणि इथे सगळे अडकतात. आपल्या नियमात कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या काही न बदलता लावता येतात तेवढंच. पण घाबरायचं कारण नाही, हवामान, रस्ते, पाणी लाईट कधी जाणार, पूर वादळ, परीक्षा, नोकऱ्या, जत्रा, स्थानिक खेळ, हे बातम्यांत धरत नाहीत. म्हणजे पुलावरून पाणी जातंय हे तू बेलाशक सांग, पूल कोणामुळे खचला ह्याच्यावर बुलेटिन काढू नको. कार्यक्रम निम्मे तरी स्थानिकच पाहिजेत, ते तुला जड नाही. जाहिराती तासाला १२ मिनिटं चालतात, २०२४ च्या नव्या नियमांत वाढवून दिल्या, आधी ७ होत्या, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. श्रीमंत होणार नाहीस. लाईटबिल निघेल, निघालं तर.

बघून यायचं असेल तर माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे, २००८ पासून चालू, बायकांच्या संस्थेचं. तेलंगणात संगम रेडिओ पण त्याच वर्षीचा, दलित शेतकरी बायका चालवतात. दोन्हीकडे दुष्काळी भाग, आपल्याकडे पाऊस, पण माणसं गोळा कशी केली ते विचारून घे.

गॉलवेची_डिचोलकरीण

डोंगर आहेत म्हणूनच तर! कोनेमारा कम्युनिटी रेडिओ लेटरफ्रॅक म्हणून गाव आहे तिथून चालतो, मध्ये ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर, त्यामुळे त्यांना एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी लागतात. गावात कुठल्या वळणावर काटा फिरवायचा हे गाडी चालवणाऱ्यांना पाठ असतं.

बातम्यांचं ऐकून वाईट वाटलं. तिकडे गावच्या काउन्सिलरला समोर बसवून खड्ड्यांबद्दल विचारता येतं, फक्त दोन्ही बाजूंना बोलू द्यायचं आणि कोणाची बदनामी होईल असं बोलायचं नाही, त्याचं आधी ट्रेनिंग देतात. तिकडेही हे आयतं नाही मिळालं कोणाला. १९८८ च्या कायद्याआधी सगळी बिनपरवाना स्टेशनं, अगदी कोंबड्यांच्या शेडमधून वगैरे चालायची म्हणतात. मग १९९४ मध्ये ११ स्टेशनांना प्रयोग म्हणून परवाने देऊन बघितले, चालतंय म्हटल्यावर पुढे वाढवलं. आता परवाना कोमिशून ना म्यान नावाचं तिकडचं माध्यम मंडळ देतं, २०२३ मध्ये नवीन झालंय ते, आणि सगळ्या स्टेशनांची मिळून एक संघटना आहे, क्रेल. परवान्यातच असतं की नफा वाटून घ्यायचा नाही.

पैशाचं राहिलंच. जाहिराती थोड्या, तासाला ६ मिनिटांच्या आत. मग लॉटरीची तिकिटं, ख्रिसमसला सुपरमार्केटच्या काउंटरला उभं राहून लोकांचं सामान पिशव्यांत भरून द्यायचं आणि डबा पुढे करायचा (मी केलंय, कंबर मोडते). आणि एक बरी सोय आहे, तिकडे टीव्हीचं लायसन वर्षाला १६० युरो, त्यातले ७ टक्के एका फंडात जातात आणि त्यातून कार्यक्रम करायला अनुदान मिळतं. अर्ज भरणारा माणूस मात्र पाहिजे. आमच्याकडे माईकपुढे बसायला तीस, फॉर्म भरायला एक.

पेडणेकार_रोखठोक

थंड पाणी ओतायला आलोय, राग मानू नका. हे सगळं आयर्लंडला ठीक. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गावात काही झालं की दोन मिनिटांत येतं. मयताचं म्हणाल तर आपल्यात दोनतीन दिवस कुठे ठेवतात हो, सकाळी गेला तर दुपारी चितेवर. संध्याकाळच्या रेडिओवर सांगून काय उपयोग, लोक आंघोळ करून घरी पोचलेले असणार. क्रिस्तांव वाड्यावर कदाचित चालेल, त्यांचं दुसऱ्या दिवशी असतं. आणि पेपरात फोटोसकट येतंच की.

दुसरं म्हणजे माणसं. आमच्याकडे दशावताराला रात्रभर बसणारे लोक आहेत पण खुर्च्या उचलायला सकाळी चार. तुमचे ते पाच जण वर्षभराने किती उरतील ते कळवा.

गॉलवेची_डिचोलकरीण

भाऊ, मयताचं तुमचं शंभर टक्के बरोबर, मी हा विचारच केला नव्हता. तिकडची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याकडे लागूच होत नाही. बाबूला दुसरं काहीतरी शोधावं लागेल जे ऐकायला लोक कप खाली ठेवतील.

पण व्हॉट्सॲपचं नाही पटलं. २४ जानेवारी २०२५ ला तिकडे एओविन वादळ आलं. आमच्याच काउंटीत मेस हेडला ताशी १८३ किलोमीटर वारा मोजला, देशाचा आजवरचा रेकॉर्ड. ७ लाख ६८ हजार घरांची वीज गेली. आमच्याकडे काही घरांत दोन आठवडे नव्हती. मोबाईलचे टॉवर बंद, नेट बंद, विहिरीचा पंप विजेवर म्हणून पाणी पण बंद. व्हॉट्सॲपवर शेवटचा मेसेज रात्री दोनचा, ‘सगळे ठीक का?’, त्याला उत्तरच नाही कोणाचं.

आणि आम्ही पण काही शूरवीर नव्हतो हां, आमच्या ट्रान्समिटरचीच वीज गेलेली, अर्धा दिवस आम्हीच गप्प. मग एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला जोडायचा जनरेटर आणून लावला आणि सुरू झालं. लोक गाडीत बसून ऐकत होते, गाडीतला रेडिओ तेवढाच चालू ना. काय सांगत होतो आम्ही? कुठल्या हॉलमध्ये फोन चार्ज करता येतो, कुठे गरम पाण्याची आंघोळ मिळेल, कुठल्या दुकानात गॅस सिलिंडर शिल्लक आहे, अमक्या वळणावर झाड पडलंय, तमक्या घरी एकट्या आजी आहेत त्यांच्याकडे कोणी जाऊन आलं का. पोस्टमनकाकांनी घरांची यादी डोक्यातूनच सांगितली, कुठल्या घरात ऑक्सिजनचं मशीन आहे ती. ती माहिती कुठल्याच ग्रुपवर नव्हती.

म्हार्दोळचे_आजोबा

उशिरा वाचलं, चष्मा बदलला आहे. तुम्ही मुलं हे सारं आयर्लंडचं म्हणून सांगता पण गोव्याला लोकांनी चालवलेला रेडिओ नवा नाही. पणजीचं स्टेशन १९४६ चं, पोर्तुगीजांचं, एमिसोरा द गोवा, मुक्तीनंतर त्याची आकाशवाणी झाली. ते सरकारी. पण १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्यांनी जंगलात लपून व्हॉईस ऑफ फ्रीडम सुरू केला, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, सहा वर्षं चालवला. जनावरांचं रान, साप, पाऊस, आणि रोज वेळ गाठायची, एकही दिवस चुकवून चालणार नाही. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्याचं लिबियाबाईंनी विमानातून लाऊडस्पीकरवर सांगितलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, शंभर वर्षांच्या वयात. आमच्या लहानपणी घरात मोठी माणसं आवाज अगदी बारीक करून ऐकायची, दाराला कडी घालून.

आणि बाबू, एक भांडण तुझ्याकडे येणार ते आत्ताच सांगून ठेवतो. मराठीत बोलायचं की कोकणीत. कमिटी पहिल्या मीटिंगला ह्यावर फुटेल. नियम करू नकोस. घुमटावर आरती मराठीत म्हणतील, मध्येच पाणी मागतील ते कोकणीत, तसंच जाऊ दे हवेत. डिचोलकरीण बाई, तुमच्याकडे त्यांच्या जुन्या भाषेचं काय?

गॉलवेची_डिचोलकरीण

आजोबा नमस्कार, वाचून अंगावर रोमांच आले. तिकडेही अगदी तसंच, १९७० मध्ये कोनेमारातल्या तरुणांनी आयरिश भाषेचं बिनपरवाना स्टेशन चालवलं, सरकार लाजलं आणि १९७२ मध्ये रेडिओ ना गेलताख्त सुरू करावं लागलं. तो सरकारी आहे आणि अजून चालू आहे. आमच्या छोट्या स्टेशनवर बोलणं इंग्लिशच, पण नमस्कार, आशीर्वाद आणि शिव्या आयरिश. पोस्टमनकाका मयतांची नावं झाली की शेवटची ओळ आयरिशमध्येच म्हणतात, देवाने त्यांच्या आत्म्याला शांती द्यावी अशा अर्थाची. कोणी सांगितलेलं नाही त्यांना.

सत्तरीकार_बाबू

देव बरें करूं सगळ्यांचं. रोखठोक भाऊ तुमचं पण, तुमच्यामुळेच रात्रभर झोप नाही लागली.

अपडेट देतो. भजनी मंडळ रजिस्टर नाही, पेटीवाला म्हणतो तीस वर्षांत कोणी विचारलंच नाही. पण स्वयंसहायता गटाच्या बायकांची संस्था आहे, सहा वर्षं जुनी, हिशोब एकदम चोख. त्यांच्या अध्यक्षीणबाईंकडे गेलो तर पहिला प्रश्न, त्यावर तुम्ही पुरुषच बोलणार का आम्ही पण? म्हटलं तुम्हीच बोला. मग चहा आला.

कप खाली ठेवायला लावणारी गोष्ट काय, ह्यावर मास्तरांनी सुचवलं की गवे आणि हत्ती... मग त्यांनीच हत्ती काढून टाकला, तो दोडामार्गाकडचा. पण गवे खरंच. रोज संध्याकाळी कुठल्या वाटेवर गवे उतरलेत, काजूच्या बागेत कोण एकटी आहे, हे आमच्याकडे बायका एकमेकींना डोंगरावरून कुकारे घालून सांगतात. आणि बसचं. सकाळची वाळपय बस आज येणार की नाही, हे कळलं तर लोक माझा फोटो लावून पुजा करतील.

परवाना मिळेपर्यंत पोरींनी ठरवलंय की फोनवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा आणि दर रविवारी देवळाच्या स्पीकरवर लावायचा, सवय होईल. काल पहिला केला. अध्यक्षीणबाई कोकमाचं आगळ कसं टिकवायचं ते सांगत होत्या, फर्मास सांगितलं, आणि नेमका पाऊस आला. पत्र्यावर असा ताशा वाजला की बाईंचा एक शब्द ऐकू येईना. ताई, तुमचा टॉवेल दाराला ठीक आहे पण छपराला काय करू?

गॉलवेची_डिचोलकरीण

वर झावळ्यांचे दोन थर घाल, आत माळ्याला सुकी गोणपाटं ताणून बांध, आणि माईक तोंडाच्या अगदी जवळ घ्यायला सांग, वीतभरच. तरी येईलच थोडा आवाज. आगळाचं रेकॉर्डिंग मला पाठव, पावसासकट.